पोस्टरची खालची पट्टी : साताऱ्यातील जुन्या प्रवासी पोस्टरांच्या कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

जुन्या मोटार स्टँडाजवळच्या एका रद्दीच्या दुकानातून प्रवासी पोस्टरांचा गठ्ठा घेतला. बंद पडलेल्या एका प्रवासी कचेरीच्या माळ्यावरून तो ताडपत्रीत गुंडाळून आला, एवढेच दुकानदाराला ठाऊक होते. त्याने आठ हजार मागितले आणि साडेपाच हजारांवर व्यवहार झाला. रद्दीच्या भावाचा प्रश्नच नव्हता, कारण वरच्या कागदावरचा एअर इंडियाचा महाराजा त्याने ओळखला होता.

गुंडाळी लगेच उलगडलेली नाही. माळ्यावर वर्षानुवर्षे तापलेला कागद जबरदस्तीने सरळ केला की घडीच्या आडव्या रेषेत तडकतो. म्हणून प्लॅस्टिकच्या मोठ्या खोक्याच्या तळाशी ओले फडके ठेवले, त्यावर जाळी ठेवून कागदाला पाणी लागणार नाही अशा बेताने गठ्ठा आत उभा केला आणि झाकण लावले. कागदाला फक्त हवेतला ओलावा मिळायला हवा. एका रात्रीहून अधिक काळ ठेवल्यास बुरशीचा धोका असतो.

१३ फेब्रुवारी

कागद मऊ झाले. एकेक पोस्टर टीपकागदात घालून जाड काचेखाली सपाट केले आणि मग मापे घेतली. बहुतेक पोस्टरे २५ × ४० इंचांची, म्हणजे ६३.५ × १०१.६ सेंटिमीटरची आहेत. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या स्थानकांवरील फलकांचे हेच माप होते, त्याला डबल रॉयल म्हणत, आणि रेल्वेबरोबर ते आपल्याकडेही रुळले. गठ्ठ्यातील दोन पोस्टरे मात्र उंचीला अडीच इंचांनी कमी भरली. त्यांच्यावरचे चित्र थेट कडेपर्यंत येते आणि खालचा पांढरा काठ नाही. कोणीतरी तयार चौकटीत बसवण्यासाठी तो कापला असावा.

हे काम करू पाहणाऱ्याने पहिल्यांदा या काठाकडे पाहावे. वरचे चित्र कोणालाही आवडते, परंतु पोस्टर कोणत्या संस्थेने काढले, कोठे छापले आणि साधारण केव्हा छापले हे खालच्या बोटभर पट्टीतील बारीक अक्षरांत असते. ती अक्षरे शोभेसाठी छापलेली नाहीत. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीच्या कायद्याने भारतात छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले होते. पट्टी गेली की पोस्टरचा जन्मदाखलाच जातो, आणि मग चित्रावरून तर्क करण्याचे कष्ट पडतात. ते कष्ट पुढे मार्चच्या नोंदीत आले आहेत.

१८ फेब्रुवारी

आजचा दिवस पट्ट्या वाचण्यात गेला. त्यातून कालनिश्चितीची जी पद्धत बसली ती सविस्तर लिहून ठेवतो, कारण या कामातील सर्वांत उपयोगी भाग हाच आहे आणि त्याला भिंग व धीर यांखेरीज काही लागत नाही.

आधी काढणाऱ्याचे, म्हणजे पोस्टर प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेचे, नाव पाहावे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची जीआयपी, १९२५ साली सरकारी व्यवस्थापनाखाली गेली, तरी तिचे नाव ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन होईपर्यंत चालू राहिले. त्याच दिवशी बी. बी. अँड सी. आय., म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, हे नाव जाऊन पश्चिम रेल्वे हे नाव आले. आपल्या सातारा-मिरजेकडील गाडी ज्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची होती, ती कंपनी १९०८ साली दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून झाली आणि १४ एप्रिल १९५१ रोजी दक्षिण रेल्वेत सामावली गेली. पट्टीवर ‘मध्य रेल्वे’ असेल तर ते पोस्टर १९५१ च्या आधीचे असू शकत नाही, मग त्यातील चित्र कितीही जुन्या वळणाचे दिसो. विक्रेते चित्राच्या वळणावरून ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून मोकळे होतात. पट्टी वाचणाऱ्याने त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही, फक्त पैसे कमी द्यावेत.

‘इंडियन स्टेट रेल्वेज’ असे छापलेली पोस्टरे स्वातंत्र्यापूर्वीची, आणि त्यांतील गाजलेली बरीचशी १९३० च्या दशकातील आहेत. या सरकारी रेल्वेची प्रचारकार्यालये लंडन आणि न्यूयॉर्क येथेही होती. त्यामुळे त्या पोस्टरांवरील मजकूर इंग्रजीत असतो आणि चित्रांत ताजमहाल, बनारसचे घाट, हत्ती आणि राजवाडे येतात. तिसऱ्या वर्गाने पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यासाठी ती काढलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतरच्या पोस्टरांना खुणा अधिक आहेत. परिवहन मंत्रालयात पर्यटनाची शाखा १९४९ साली उघडली आणि १९५८ साली पर्यटनाचा वेगळा विभाग झाला. राजमुद्रेतील सिंह दिसले तर पोस्टर २६ जानेवारी १९५० नंतरचे समजावे. विमान कंपनीच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द असेल तर ते १९४८ ते १९६२ या काळातील असते, कारण १९६२ साली तो शब्द गळून नुसते ‘एअर इंडिया’ राहिले. महाराजाची आकृती १९४६ सालची आहे. एअर इंडियाचे बॉबी कूका यांची कल्पना आणि चित्रकार उमेश राव यांचे रेखाटन यांतून तो जन्मला, त्यामुळे केवळ महाराजा आहे म्हणून साल ठरत नाही. भाडे आण्यांत दिले असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याची शक्यता मोठी. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचे. छापखान्याच्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे नाव असेल तर १९७५ किंवा त्यानंतरचे.

यांतील बहुतेक खुणा एकाच बाजूची हद्द सांगतात, हे मात्र विसरू नये. म्हणून नोंदीत ‘१९५१ ते १९५७’ अशा स्वरूपाची मुदत लिहिली आहे. एकच साल लिहिण्याचा मोह टाळला आहे.

२ मार्च

दख्खनच्या राणीचे एक देखणे पोस्टर गठ्ठ्यात आहे आणि ते पाहून घरातले सगळे हरखले. गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि पोस्टरवर जीआयपीचे नाव आहे, तेव्हा वरवर हिशेब जुळत होता. संशय आला तो कागदाच्या पांढरेपणामुळे. शेजारच्या किराणा दुकानातून नोटा तपासण्याचा निळा दिवा मागून आणला आणि खोलीत अंधार करून कागदावर धरला. बाकीची जुनी पोस्टरे मळकट, विझल्यासारखी दिसली आणि हे एकटे निळसर पांढरे उजळले. कागदाला अशी चकाकी देणारी रसायने साधारण १९५० च्या सुमारास वापरात आली, म्हणून १९३० चा कागद असा उजळत नाही.

दहापट भिंगाखाली शंकाच उरली नाही. दगडावर काढून छापलेल्या चित्रात, म्हणजे शिळाछापात, रंगाचे सलग पट्टे आणि हाताने दिलेले ओबडधोबड, एकमेकांसारखे नसलेले ठिपके दिसतात. ऑफसेटमध्ये चार रंगांचे सारख्या अंतरावरचे ठिपके फुलासारख्या गोलात बसतात. इंकजेटमध्ये, म्हणजे संगणकाला जोडलेल्या आजच्या छपाईयंत्रात, रंगाची बारीक, विस्कळित फवारणी दिसते. आमची राणी फवारणीची निघाली. शिळाछापाचा खरा नमुना डोळ्यांत बसवायचा असेल तर कोणाच्या देवघरातील रविवर्मा छापखान्याचे जुने चित्र भिंगाखाली पाहावे. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला तो छापखाना याच पद्धतीने रंगीत चित्रे छापीत असे. नकली पोस्टर फेकलेले नाही. पुढील सर्व प्रयोगांना त्याची मागची बाजू कामी येईल.

२३ मार्च

कापलेल्या दोन पोस्टरांचा तपास आज पुरा केला. त्यांतले एक महाबळेश्वरचे आहे. समोर लाल मातीची वाट, मागे निळ्या डोंगरांच्या रांगा आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत, वाठार स्टेशनावर उतरून मोटारीने जावे, असा मजकूर. पट्टी नाही, त्यामुळे कंपनीचे नावही नाही.

येथे वाठारनेच मदत केली. प्रत्येक कंपनी प्रवाशाला आपल्या रुळांवरून शक्य तितके पुढे नेऊन मगच उतरवणार, हे उघड आहे. पुण्यापर्यंत जीआयपी होती आणि पुण्याहून मिरजेकडे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज निघत होती. जीआयपीने पोस्टर काढले असते तर पुण्यास उतरून मोटार घ्या असे म्हटले असते. आपल्या प्रवाशाला दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बसवण्याचे तिला कारण नव्हते. वाठार कोरेगाव तालुक्यात, त्या मीटरगेजवरचे. अजिंठ्याच्या पोस्टरांनाही हीच कसोटी लावता येते. जळगावला उतरा असे असेल तर जीआयपीकडे, आणि औरंगाबादला उतरा असे असेल तर निजामाच्या रेल्वेकडे बोट जाते, कारण १९०० साली सुरू झालेला औरंगाबादचा मार्ग निजामाच्या राज्यातला होता.

मात्र १९५१ नंतर काही काळ तोच मार्ग दक्षिण रेल्वेकडे होता, त्यामुळे वाठार या एका नावावर भागत नाही. पोस्टरवर राजमुद्रा नाही, अंतरे मैलांत आहेत, निळ्या दिव्याखाली कागद उजळत नाही आणि ठिपके हाताचे आहेत. यांवरून नोंदवहीत ‘बहुधा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, बहुधा १९५१ पूर्वीचे’ असे लिहिले आहे. दोन ‘बहुधा’ लिहावे लागले ते अडीच इंच कागद गेल्यामुळे. पुणे-मिरज रेल्वेमार्ग १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रॉडगेज झाला. आता सातारकर महाबळेश्वरला मेढ्यावरून जातात आणि वाठारला उतरून तिकडे जाण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. त्या मार्गाची आठवण मला या कापलेल्या कागदावर मिळाली.

दुसरे कापलेले पोस्टर समुद्रकिनाऱ्याचे आहे, त्यात स्टेशन नाही आणि मजकूरही नाही. त्याची नोंद कोरी ठेवली.

६ एप्रिल

चिकटवण्याच्या खळीची तयारी. बुकबाइंडरकडील मैद्याच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. ती वह्यांच्या बांधणीला ठीक आहे, पण मैद्यातील चिवट भाग पुढे पिवळा आणि ठिसूळ होतो, त्यावर कसर लागते आणि मोरचूद कागदाला हिरवट डाग देते. संग्रहालयांतील जाणकार गव्हाच्या शुद्ध सत्त्वाची खळ वापरतात. परदेशी सत्त्वाची पिशवी मागवण्याच्या बेतात असताना वहिनींनी कुरडयांसाठी गहू भिजत घातलेले दिसले आणि प्रश्न सुटला. कुरडयांचा चीक म्हणजे तेच सत्त्व.

फरक एवढाच की कुरडयांसाठी गहू तीन दिवस आंबवतात आणि तो आंबटपणा कागदाला नको. म्हणून वहिनींकडून वाटीभर गाळलेला चीक घेतला, भांडे भरून पाणी ओतले, ढवळले, तळाशी सत्त्व बसल्यावर वरचे पाणी ओतून दिले, आणि वास पूर्ण जाईपर्यंत हेच करीत राहिलो. एक भाग सत्त्व आणि पाच भाग पाणी घेऊन मंद आचेवर सतत ढवळले. पांढरे दूध हळूहळू राखी झाले, मग काचेसारखे पारदर्शक होऊन पळीवरून जड धारेने पडू लागले, तेव्हा उतरवले. गार झाल्यावर मलमलीतून दोनदा गाळावे, नाहीतर गुठळ्या कागदाखाली उठून दिसतात. खर्च शून्य. खळ तीन दिवसांत खराब होते, त्यामुळे लागेल तेवढीच करावी.

१४ एप्रिल

जुन्या कागदाचा आंबटपणा घालवण्यासाठी चुन्याच्या निवळीत धुण्याचा सल्ला अनेक जण देतात. निवळी करणे सोपे असते. कळीचा चुना पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवला की वर स्वच्छ पाणी राहते. पोस्टर बुडवण्याआधी महाबळेश्वरच्या पोस्टराच्या फाटून सुटलेल्या कपच्यावर थेंब टाकला. डोंगरांचा गडद निळा काही मिनिटांत मळकट तपकिरी झाला. तो रंग प्रशियन निळा होता. लोहाचा हा रंग चुन्यासारख्या अल्कलीत टिकत नाही. जुन्या छपाईत निळ्यासाठी तो सर्रास वापरला जाई, म्हणून आकाश किंवा समुद्र असलेल्या पोस्टराला चुन्याची निवळी दाखवूही नये. बेत रद्द. यापुढे साधे गाळलेले पाणी, तेही चाचणीनंतर.

२७ एप्रिल

सेलोटेप आणि हार्डबोर्ड यांत पूर्ण आठवडा गेला. जुन्या सेलोटेपची वरची पारदर्शक फीत केस वाळवण्याच्या यंत्राच्या कोमट वाऱ्याने सहज उठते, पण तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी पट्टा राहिलेला असतो. वर राहिलेला चिकटा मऊ खोडरबराने गोळा केला. मुरलेल्या डागावर ॲसिटोन कापसाने लावून खाली टीपकागद धरला. डाग फिका झाला, गेला नाही. खिडक्या उघड्या ठेवूनही डोके चढले. ॲसिटोन लावण्याआधी रंगाच्या कडेवर चाचणी घ्यावी.

एक पोस्टर हार्डबोर्डवर सरसाने चिकटवलेले होते. पोस्टर बोर्डावरून ओढायचे नाही, बोर्ड पोस्टरावरून उतरवायचा. पोस्टर काचेवर पालथे घालून मागचा बोर्ड बोथट सुरीने पापुद्र्या-पापुद्र्याने सोलला. शेवटचा थर राहिल्यावर कोमट पाण्याचे फडके दहा मिनिटे ठेवले, तेव्हा सरस मऊ होऊन खरवडता आला. आणखी एक पोस्टर पांढऱ्या सिंथेटिक गोंदाने प्लायवर बसवलेले आहे. तो गोंद वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो आणि कागदालाही ओढतो. त्या पोस्टराला हात लावलेला नाही.

११ मे

धुण्याचे काम. छपाईची शाई तेलाची असल्याने साध्या पाण्यात ती हलत नाही. आधी ओल्या कापसाने प्रत्येक रंग तपासला. अडचण छपाईची नव्हती. परिवहन मंत्रालयाच्या एका पोस्टराच्या खालच्या पट्टीवर कचेरीचा जांभळा रबरी शिक्का आहे, आणि कापूस टेकवताच त्यावर जांभळी छटा उतरली. ही शाई पाण्यात पसरते. शिक्क्यात आवक तारीख आहे, १९५६ ची, आणि गठ्ठ्यातील नेमकी तारीख सांगणारी ती एकमेव खूण आहे. ते पोस्टर धुतले नाही. कोरड्या मऊ ब्रशाने धूळ झाडली, खोडरबराचा भुगा बोटांनी फिरवून मळ काढला आणि वरच्या पिवळेपणासह ते तसेच ठेवले. स्वच्छ पोस्टर आणि तारीख यांतून एक निवडायचे झाल्यास मी तारीख निवडतो. विकायला बसलेल्याने कदाचित उलटे केले असते.

बाकीची पॉलिएस्टरच्या जाळीवर ठेवून उथळ ट्रेमध्ये धुतली. पहिले पाणी चहाच्या रंगाचे निघते. ओल्या कागदाला जाळीशिवाय उचलू नये.

२५ मे

फाटक्या पोस्टरांना कापडाची पाठ देण्याचा प्रयोग नकली राणीवर केला. कोरे मांजरपाट प्लायवर ताणले, खळ लावली, पोस्टर बसवले. वाळताना कापड आवळले आणि पोस्टराच्या मध्यावर लाटा उठल्या. नव्या मांजरपाटात कांजी असते आणि ते पहिल्याच धुण्यात आटते, म्हणून कापड आधी उकळून, वाळवून मग घ्यावे. दुसऱ्या प्रयोगात तसे केले, कापड आणि पोस्टर यांच्यामध्ये पातळ जपानी कागद घातला आणि खळ निम्मी पातळ केली. मग पाठ सपाट बसली. मधला जपानी कागद असल्याने उद्या कोणाला पाठ काढायची झाली तर ती ओल्या फडक्याने सुटेल. कागद पुण्याहून आणला, पोस्टरामागे साधारण तीनशे रुपये पडले. ज्यांना फक्त कडेचे चिरे आहेत त्यांना कापड दिलेले नाही, मागून जपानी कागदाच्या पट्ट्या पुरेशा आहेत.

२० जुलै

पाऊस लागल्यापासून खळीचे काम बंद. दमट हवेत खळ वाळण्याआधीच तिच्यावर बुरशी धरते. पोस्टरे पॉलिएस्टरच्या पाकिटांत, जमिनीपासून उंच कपाटात, भिंतीला न टेकवता आडवी ठेवली आहेत. डांबराच्या गोळ्या घातलेल्या नाहीत. आठवड्यातून एकदा कपाट उघडून पाहणे अधिक खात्रीचे आहे.

१९ ऑक्टोबर

चौकटींचे काम. राजवाड्याजवळच्या ज्या फ्रेमवाल्याकडे पहिले पोस्टर नेले, त्याने चौकटीची पट्टी ठेवून मोजपट्टी लावली आणि म्हणाला, ‘‘साहेब, खालचं पांढरं उगाच दिसतंय, कापून टाकतो, फ्रेम उठून दिसेल.’’ पोस्टर गुंडाळून घरी आणले. फ्रेमवाल्याचेही बरोबर आहे, त्याच्याकडे येणाऱ्या शंभरांतील नव्वद जणांना तेच हवे असते. दुसऱ्या ठिकाणी काम देताना तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या : पोस्टराचा कोणताही काठ कापायचा नाही, माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी पट्टीसह पूर्ण पोस्टर दिसेल एवढी मोठी ठेवायची, पोस्टर माउंटला चिकटवायचे नाही, वरच्या कडेला मी लावून दिलेल्या दोन कागदी बिजागऱ्यांवर टांगायचे. मागे प्लायऐवजी आम्लरहित पुठ्ठा आणि पुढे अतिनील किरणे अडवणारे ॲक्रिलिक. एका चौकटीला २,८०० रुपये पडले, म्हणजे गठ्ठ्याच्या निम्म्याहून अधिक, म्हणून तूर्त चारच केल्या. त्या पश्चिमेच्या उन्हाची भिंत सोडून लावल्या आहेत.

२ नोव्हेंबर

नोंदवही पुरी केली. प्रत्येक पोस्टराचे माप, काढणारा, मुद्रक आणि ठिकाण, पट्टीवरील मजकूर अक्षरशः, शिक्के, छपाईची पद्धत, केलेली दुरुस्ती आणि वापरलेली खळ अशा क्रमाने लिहिले आहे. पट्टीवर छापलेली माहिती शाईने आणि तर्काने काढलेली पेन्सिलीने, म्हणजे पुढे कोणाला चांगला पुरावा मिळाला तर खोडता येईल. प्रत्येक पट्टीचा मोजपट्टी शेजारी धरून वेगळा फोटो घेतला आहे. प्लायवरचे पोस्टर अद्याप तसेच आहे. पाऊस सरला आहे, तेव्हा थंडीच्या कोरड्या हवेत त्याचा प्लाय मागून रंधून पाहणार आहे, आणि सुरुवात पट्टीपासून लांब, वरच्या कोपऱ्यातून करणार आहे.